एक पान कोरं

माझी विहीण आयर्लंडची आहे. अमळनेरला जन्मलेल्या, प्रताप कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. झालेल्या आणि ताप्ती लाइनच्या गाडीत बसून सुरतेला सासरी आलेल्या बाईला असं वाक्य कधी लिहावं लागेल, असं वाटलं नव्हतं. मुलगा नोकरीसाठी डब्लिनला गेला, तिथलीच मुलगी त्याला आवडली, आणि आता दोघांच्या घरी पाळणा हलायची वेळ आली आहे.

आम्हा दोघी विहिणींना जोडणारी गोष्ट म्हणजे कागद. त्यांचं इंग्रजी मला अर्धं कळतं, माझं त्यांना त्याहून कमी. पण व्हिडिओवर त्या कागदाच्या पट्ट्या गुंडाळून फुलं करताना दिसल्या आणि मी माझी कात्री, गोंद, संवत्सरीसाठी बनवलेली क्षमापनेची कार्डं उचलून दाखवली, तेव्हा भाषेचं काम बरंच हलकं झालं. त्यांना दुसराही एक नाद आहे. निवृत्त झाल्यापासून त्या आपल्या घराण्याचा इतिहास शोधतात. दोन्ही नाद एकत्र करून त्यांनीच सुचवलं, की येणाऱ्या बाळासाठी कागदाचं एक झाड करू या. अर्ध्या फांद्या त्यांच्या, अर्ध्या माझ्या. प्रत्येक पानावर एका पूर्वजाचं नाव. त्यांच्या बाजूला ओकची पानं, माझ्या बाजूला आंब्याची. आंबाच का, तर गुजरातीत वंशावळीला ‘आंबो’ असंच म्हणतात.

मी लगेच हो म्हटलं. पानं कापणं तेवढं अवघड, नावं काय, माहीतच आहेत, असं मला वाटलं होतं.

विहीणबाईंच्या बाजूची अडचण मला आधी कळली. त्यांच्या देशात 30 जून 1922 या दिवशी, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतलं सरकारी दफ्तरखाना जळून गेला. शेकडो वर्षांची मृत्युपत्रं, चर्चची कितीतरी जन्ममृत्यूची पुस्तकं, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातल्या जनगणनांचे जवळजवळ सगळे कागद एका दिवसात राख झाले. त्यानंतरच्या जनगणनांचं तर आणखी वाईट. त्या आगीत गेल्याच नाहीत. काही सरकारनेच नष्ट करवल्या, आणि 1881 व 1891 चे कागद पहिल्या महायुद्धात कागदाची टंचाई होती म्हणून लगदा करायला दिले. त्यामुळे आयरिश माणसाला आपल्या आजी-पणजीला जनगणनेत गाठायचं, तर पूर्ण हाती लागणारी पहिली यादी 1901 ची आणि दुसरी 1911 ची.

त्या 1911 च्या अर्जाची प्रत त्यांनी मला पाठवली. मेयो परगण्यातलं शेतकऱ्याचं घर. लग्न झालेल्या बाईसमोर तीन जादा रकाने आहेत: लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, त्यांतली किती हयात आहेत. त्यांच्या पणजीसमोर आकडे होते: एकवीस, अकरा, सात. अर्ज पणजोबांच्या नावाने, गोळा करून नेणारा पोलीस शिपाई, पण त्या दोन आकड्यांच्या मधली चार मुलं त्या बाईची होती. विहीणबाई म्हणाल्या, त्या चौघांसाठीही मी पानं कापणार आहे. नावं मिळाली नाहीत तर कोरी ठेवीन.

त्यांनी एक गंमतही सांगितली. तिकडे 1901 ते 1911 या दहा वर्षांत पुष्कळ म्हातारी माणसं पंधरा-पंधरा वर्षांनी मोठी झालेली दिसतात! मध्ये 1908 चा पेन्शनचा कायदा आला, सत्तरी ओलांडलेल्याला आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले, आणि जन्माचे दाखले नसलेल्या गरिबांनी आपली वयं जरा वाढवून सांगितली. आम्ही दोघी खूप हसलो. कागद खोटं बोलतो, पण पोटासाठी बोलला तर त्याला हसून सोडून देता येतं.

नंतर माझी पाळी आली.

आमच्या सासरच्या घराण्याला पूर्वी वहीवंचा बारोट होते. काही वर्षांनी एकदा ते यायचे, लाल कापडात गुंडाळलेली लांब वही उघडायचे, पिढ्या वाचायचे, नव्या मुलांची नावं लिहून घ्यायचे आणि दक्षिणा, कापड घेऊन जायचे. महाराष्ट्रात नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडे नामावळ्या असतात, तसंच. माझं लग्न झालं त्या काळात ते यायचे बंद झाले होते. पण सासऱ्यांनी त्यांच्याकडून पिढ्या उतरवून घेतल्या होत्या, आणि ते बाड आमच्या अडाजणच्या घरी तळमजल्यावरच्या पेटीत होतं. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापीने शहराचा केवढा तरी भाग बुडवला, तेव्हा आम्ही धान्य वर नेलं, देव वर नेले, गॅसची बाटली वर नेली. पेटी राहिली. तीन दिवसांनी उघडली तेव्हा आत चिखलाची वीट होती.

माझा कागदाचा नाद तिथेच सुरू झाला, हे मी फारसं कुणाला सांगत नाही. ते बाड उन्हात टाकायचं नाही, सावलीत पंख्याखाली, पाना-पानांत टिपकागद घालून सुकवायचं, असं कुणीतरी सांगितलं. दोन महिने मी तेच केलं. ऐंशी-नव्वद पानांतली नऊ सुटी झाली. त्या कामात हाताला कागद कळू लागला. कोणता फाटतो, कोणता वाकतो, कोणता पाणी पिऊनही ताठ राहतो. पुढे मी नव्या कागदाच्या वस्तू करू लागले. सासूबाईंनी एकच अट घातली: लिहिलेला किंवा छापलेला कागद कापायचा नाही, ती ज्ञानाची आशातना होते. आपल्याकडे अक्षर असलेल्या कागदावर पाय पडला तरी हात जोडतात, त्यावर खात नाहीत, कार्तिकात ज्ञानपंचमीला पोथ्यांची पूजा करतात. पाटणच्या हेमचंद्राचार्य ज्ञानभंडारात शेकडो वर्षांची ताडपत्रं टिकली, ती अशाच सवयींमुळे. मी ती अट आजवर पाळली आहे. मी फक्त कोरा कागद कापते.

झाडाचं काम चालू असताना पर्युषण आलं. कल्पसूत्राचं वाचन ऐकताना मरीचीची गोष्ट आली, आणि माझा हात क्षणभर थांबला. मरीची म्हणजे ऋषभदेवांचा नातू, भरत चक्रवर्तीचा मुलगा. आपण पुढे तीर्थंकर होणार हे कळल्यावर तो आनंदाने नाचला. माझे आजोबा पहिले तीर्थंकर, वडील पहिले चक्रवर्ती, काय माझं कुळ! त्या कुळमदाने त्याने नीच गोत्र कर्म बांधलं, आणि ते महावीरांच्या भवापर्यंत त्याच्या मागे आलं, असं परंपरा सांगते. आठ मदांत कुळाचा मद मोजलेला आहे. आणि बारा भावनांपैकी संसार भावना तर म्हणते, की इतके जन्म झालेत, की कोण कुणाची आई नव्हतं? मग मी कुणाचे आजोबा-पणजोबा कागदावर टांगते आहे?

हा प्रश्न मी बरेच दिवस मनात घोळवला. माझं उत्तर असं झालं: पूर्वज शोधण्यात मद आहे की नाही, हे आपण कुणाला शोधतो त्यावर ठरतं. नगरशेठ शोधायला निघालं तर मद. मेयोच्या पणजीची चार न जगलेली मुलं शोधायला निघालं तर त्यात मद कुठून येणार? ते देणं झालं. ज्यांच्या कष्टावर आपण उभे आहोत आणि ज्यांचं नाव घ्यायला आता कुणी नाही, त्यांचं नाव घेणं.

हे उत्तर मला आवडलं होतं. ते माझ्यावरच उलटेल हे लक्षात आलं नाही.

एके दिवशी विहीणबाईंनी विचारलं, “तुमच्या आजेसासूबाईंना मुलं किती झाली? किती जगली?” त्यांच्या अर्जाचे रकाने त्यांच्या डोक्यात पक्के बसलेले. मी बोटं मोजली. तीन मुलगे, एक मुलगी, म्हणून सांगणार होते. तोंडून आलं, “पाच. पाचही जगली.”

चार आणि पाच यांतला फरक म्हणजे आमच्या फोई. माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. मराठीत आत्या, माझ्या आतेसासूबाई. 1968 मध्ये त्यांनी दुसऱ्या जातीतल्या एका शिक्षकाशी लग्न केलं. रजिस्टर, उघड, दिवसाढवळ्या. घराने दार लावलं. मी सून म्हणून आले तेव्हा त्यांच्याबद्दल कुणी वाईटही बोलत नव्हतं. त्यांच्याबद्दल कुणी बोलतच नव्हतं. मी त्यांना दोनदा पाहिलं, एकदा लग्नाच्या मांडवाबाहेर, एकदा सासऱ्यांच्या अंत्ययात्रेत, रस्त्याच्या पलीकडे उभ्या.

आणि 2003 मध्ये आमच्या समाजाचं वस्तीपत्रक निघालं. प्रत्येक कुटुंबाची माहिती, सोबत पानभर आंबो. शिकलेली सून म्हणून आमच्या घराचं पान माझ्याकडे आलं. मी पाचही नावं लिहिली. सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि एका नावावर बोट ठेवून म्हणाल्या, “आ लखवानी जरूर नथी.” आवाज चढला नाही, रागही नव्हता. मी नवा कागद घेतला आणि चार नावं लिहिली. अक्षर छान आलं म्हणून कौतुकही झालं. ते पान छापलं गेलं, आणि पुरात बाड गेल्यावर आमच्या घराण्याचा तेवढाच धड कागद उरला. आता कुणी शोधायला आलं, तर त्याला चारच भावंडं सापडतील.

छापलेला कागद कात्रीने कापायचा नाही म्हणून मी इतकी वर्षं जपते, आणि एक अख्खं माणूस मी छापायच्या आधीच कापून टाकलं होतं.

आता झाडाच्या निमित्ताने हे सुधारता येईल, असं वाटून मी पाचवं पान कापलं. पण लिहिताना पुन्हा अडले. संध्याकाळी प्रतिक्रमणात आपण दुसऱ्या व्रताचे, म्हणजे मोठं खोटं न बोलण्याच्या व्रताचे अतिचार आठवतो. पाच अतिचारांत एक आहे कूटलेख, खोटा लेख करणं. तो तर माझ्या नावावर होताच. पण त्याच पाचांत दुसराही एक आहे: कुणाचं गुपित उघड करणं. एकाच व्रताच्या एका हाताला ‘खोटं लिहू नको’ आणि दुसऱ्या हाताला ‘दुसऱ्याचं झाकलेलं उघडं करू नको’. सत्य आपल्याला ठाऊक आहे एवढ्याने ते कुठेही मांडायचा हक्क मिळत नाही, हे इतकी वर्षं म्हणूनही मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग फोईंचं लग्न गुपित होतं का? त्यांच्या बाजूने मुळीच नव्हतं. झाकलं होतं ते आमच्या घराने, आणि झाकलं होतं ते फोईंचं काही नव्हे, आमची लाज. आपल्या लाजेला दुसऱ्याचं गुपित म्हणून जपणं ही फार सोयीची युक्ती आहे. ‘जाऊ दे, कशाला कुणाला दुखवायचं’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा न दुखवलं जाणारं माणूस आपण स्वतःच असतो.

तरी नाव त्यांचं होतं. फोई 2011 मध्ये गेल्या. त्यांची मुलगी, माझी नणंद, नवसारीला असते. मी फोन करून गेले.

त्यांनी चहा दिला, आणि साडेपाच वाजताच म्हणाल्या, “भाभी, जेवून घ्या, सूर्य मावळेल.” मी चकित झाले. त्या म्हणाल्या, “आईचा चोविहार शेवटपर्यंत होता. आम्ही सगळे रात्री जेवायचो, ती नाही. प्रतिक्रमणही घरी एकटीच करायची. उपाश्रयात कुणी काही म्हटलं नसतं, पण तिला जायला जमलं नाही.”

मी झाडाचं सांगितलं. आयर्लंडचं, बाळाचं, कापलेल्या पाचव्या पानाचं. वस्तीपत्रकाचंही सांगितलं, आणि ते पान मीच लिहिलं होतं हेही. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “आई दर संवत्सरीला तुमच्या घरच्या एकेकाचं नाव घेऊन मिच्छा मि दुक्कडं म्हणायची. तुमचंही घ्यायची, नवी सून म्हणून. तुमच्या घरी तिचं नाव कुणी घेतलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दर वर्षी शंभर-शंभर क्षमापनेची कार्डं मी हाताने केली, सोनेरी कडा लावून पाठवली. नवसारीला एकही गेलं नव्हतं.

“झाडावर नाव लिहू का?” मी विचारलं.

“नको,” त्या म्हणाल्या. “तुमच्या नातवंडाच्या खोलीत शोभेला माझी आई कशाला? तिला तिचं घर होतं, भाभी, तिचं झाड होतं. तुम्हाला लिहायचंच असेल तर जिथून काढलंत तिथे लिहा. मग बघू.”

परतीच्या गाडीत मला त्यांचा राग आला, हे कबूल करते. मी एवढी गेले, स्वतःहून कबूल केलं, आणि नको म्हणाल्या. उधना येईपर्यंत राग उतरला. मला माफी हवी होती, आणि तीही माझ्या सोयीच्या जागी. घराच्या आत, सुंदर कागदावर, जिथे समाजातलं कुणी वाचणार नाही. चूक छापील आणि दुरुस्ती हातकागदावर! दुकानात चोपड्यातली रक्कम चुकली तर ती चोपड्यातच दुरुस्त करतात, घरी जाऊन देवासमोर नाही.

वस्तीपत्रकाची नवी आवृत्ती निघते आहे. तिचा अर्ज आमच्या घरी आला होता. यांनी तो मोठ्या हौसेने भरायला घेतला होता. मुलाच्या रकान्यात ‘डब्लिन, आयर्लंड’, पत्नीच्या रकान्यात सुनेचं नाव, नीट, स्पेलिंग विचारून. त्या लग्नाला समाजातली सगळी मोठी माणसं आली होती, पेढे वाटले गेले होते, आणि मलाही त्याचा आनंदच आहे. सून गुणी आहे. पण मी यांच्यासमोर अर्ज ठेवून म्हटलं, “सात समुद्रांपलीकडची सून आपण लिहितो, आणि चार गल्ल्यांपलीकडे गेलेली मुलगी लिहीत नाही. हा हिशेब मला समजावून सांगा.”

हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बापूजी असते तर...” आणि थांबले. बापूजी त्या अंत्ययात्रेत होते, फोई रस्त्याच्या पलीकडे होत्या. ते आठवलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाचवं नाव लिहिलं, त्यापुढे फोईंच्या यजमानांचं. सोबत मी एक पत्र जोडलं, की 2003 च्या आवृत्तीत आमच्या पानावर एक नाव आमच्याकडून गाळलं गेलं होतं, ते घ्यावं, आणि चूक आमची होती असं छापावं. समिती काय करेल ते समिती ठरवेल. लेख खोटा होता, तो आमच्या हाताने खरा करून दिला, एवढंच आमच्या हातात होतं.

झाड पूर्ण झालं आहे. विहीणबाईंच्या फांदीवर चार कोरी ओकची पानं आहेत, माझ्या फांदीवर एक कोरं आंब्याचं. त्यांना वाटलं, माझंही पुरात गेलेलं नाव असेल. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की नाही, पाण्याने नेलेलं नाही, कात्रीने नेलेलं आहे. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, त्यांच्या देशातही अशी कितीतरी पानं आहेत. लग्नाआधी आई झालेल्या मुलींची बाळं दुसऱ्यांना देऊन टाकली गेली, आणि त्या बाळांना आपला जन्मदाखला मागण्याचा पुरता हक्क मिळायला 2022 चा कायदा यावा लागला. तोवर कित्येकांच्या आया गेल्या होत्या.

भिंतीवर दोन्हीकडची कोरी पानं लांबून सारखीच दिसतात. पण त्यांच्या चार पानांपुढे नुसतं थांबून हात जोडता येतात. माझ्या एका पानापुढे हात जोडून भागणार नाही, माझं काम बाकी आहे.

नवं वस्तीपत्रक छापून आलं आणि त्यात ते नाव असलं, तर त्याची एक प्रत घेऊन मी नवसारीला जाईन. सूर्य मावळायच्या आत पोचेन. नणंदेने हो म्हटलं तर पानावर नाव लिहीन, आणि नको म्हटलं तर पान कोरंच राहील. बाळ मोठं होऊन विचारेलच, आजी, हे पान कोरं का? तेव्हा सांगायला माझ्याकडे खरी गोष्ट असेल, आणि त्या गोष्टीत मी कुठे उभी होते, तेही सांगीन.